पाळीच्या तारखेपासून बाळाच्या वाढदिवसापर्यंत

पांढरकवड्याकडच्या एखाद्या उपकेंद्रात गरोदर बाईची नोंद होते, तेव्हा वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्याबरोबर नर्सबाई एक तारीख हमखास विचारतात: शेवटच्या पाळीची. ही तारीख आणि घरातला मोबाइल नंबर शासनाच्या माता-बाल आरोग्याच्या आरसीएच पोर्टलवर चढला, की ‘किलकारी’ नावाची एक लांबलचक रचना त्या एकट्या बाईसाठी सुरू होते. दुसऱ्या तिमाहीपासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे 72 ध्वनिमुद्रित फोन. बिहारमध्ये 2013 साली बीबीसी मीडिया अ‍ॅक्शनने तिची पहिली घडण केली, जानेवारी 2016 मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ती देशपातळीवर नेली, 2019 पासून मुंबईची ‘अरमान’ संस्था ती चालवण्यात सोबत आहे, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये ती महाराष्ट्रात आली. रसग्रहण कवितेचे करतात, ख्यालाचे करतात. मला ते या फोनमालिकेचे करावेसे वाटते, कारण तिच्यातली कारागिरी ऐकणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही.

पहिली खुबी कालगणनेची. दुकानदारीच्या ई-मेलमालिका ग्राहकाने नाव नोंदवले त्या दिवसापासून दिवस मोजतात. इथे नोंदणीचा दिवस गौण आहे. एकाच गल्लीतल्या दोघींची नावे एकाच दिवशी चढली, तरी एकीचा चौथा महिना असेल आणि दुसरीचा सातवा, तर दोघींच्या कानावर त्या आठवड्यात वेगळी गोष्ट पडते. बाळंतपणानंतर नोंद झालीच, तर बाळाची जन्मतारीख धरून पुढचा भाग सुरू होतो. हजारो बायकांना एकच संहिता, आणि तरी प्रत्येकीला ती आपल्याच दिवसांवर बेतल्यासारखी वाटावी, हे एका तारखेच्या बळावर साधले आहे.

लयीचे काम मात्र मला ‘किलकारी’पेक्षा तिच्या मुंबईकर बहिणीत, ‘एममित्र’मध्ये, अधिक बारीक दिसते. डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 साली स्थापन केलेल्या ‘अरमान’चीच ही मालिका, मुंबईच्या वस्त्यांतल्या बायकांसाठी, हिंदीत आणि मराठीत, एकूण 145 संदेशांची. गरोदरपणात आठवड्याला दोन फोन. बाळंतपण झाले की पहिला आठवडाभर रोज एक. मग बाळ तीन महिन्यांचे होईपर्यंत पुन्हा आठवड्याला दोन, आणि त्यानंतर वर्षापर्यंत एकच. तो पहिला आठवडा पाहा. नवजात बाळांचे बहुसंख्य मृत्यू त्याच सात दिवसांत होतात. चिकाचे दूध पाजायचे की पिळून टाकायचे, बाळाला लगेच न्हाऊ घालायचे की उबेत ठेवायचे, नाळेला काही लावायचे का, हे सगळे निर्णय त्याच दिवसांत आणि बहुधा घरातल्या थोरल्या बायकांच्या तोंडून होतात. तिथे आठवड्यातून एकदा बोलणे म्हणजे वेळ निघून गेल्यावर बोलणे. महिनोन्महिने विलंबितात चाललेली रचना नेमक्या त्या सात दिवसांत द्रुत होते आणि काम झाले की हळूहळू पूर्वपदावर येते. शरीराचा आणि जोखमीचा इतका जवळून अभ्यास केलेली लय मला दुसऱ्या कुठल्या स्वयंचलित मालिकेत आढळलेली नाही.

संदेश लिहिणाऱ्यांचा संयमही तसाच. फोन मिनिट-दोन मिनिटांचा. ऐकणारीला पान मागे उलटता येत नाही, म्हणून थोडकेच सांगायचे, सोप्या वाक्यांत सांगायचे, आणि महत्त्वाचे पुढे वेगळ्या निमित्ताने पुन्हा आणायचे. ‘किलकारी’च्या मूळ हिंदी मालिकेत हे सारे डॉक्टर अनिता या कल्पित बाईच्या आवाजात येते: अधिकाराने, पण दटावणी न करता. अमुक दवाखाना, तमुक गाडी, हाताशी थोडे पैसे, ही बाळंतपणाची तयारी कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी सुचवली जाते, म्हणजे गाडीवाल्याचा नंबर शोधायला रात्रीची वाट पाहावी लागत नाही. शिवाय पुष्कळ घरांत फोन नवऱ्याच्या खिशात असतो. मग त्या मजकुराचा एक श्रोता तोही ठरतो. सासू-सुनेत जी गोष्ट अडकून पडते, ती डॉक्टरीणबाईंच्या तोंडून त्याच्या कानावर जाते.

आता यवतमाळच्या शिवारात या. दिवाळीच्या आगेमागे वेचणी लागली, की बाई दिवसभर पऱ्हाटीत आणि फोन घरी, नाही तर रेंजबाहेर. उचलला गेला नाही तर यंत्रणा तोच फोन पुन्हा लावते. तोही हुकला, किंवा ऐकलेलेच परत ऐकावेसे वाटले, तर 14423 हा क्रमांक फिरवायचा. मालिका लांब असली की एखादा भाग हुकणारच, हे गृहीत धरून केलेली ही सोय आहे.

सगळ्यांत थोर जागा मात्र ऐकूच येत नाही. गर्भपात झाला, बाळ मृत जन्मले, किंवा जन्मानंतर गेले, तर ती नोंद पोहोचताच फोन बंद होतात. ज्या घरातला पाळणा रिकामा राहिला, तिथे पुढच्या आठवड्यात लसीची आठवण वाजू नये, याचा विचार कुणीतरी रचना करतानाच करून ठेवला आहे. अर्थात ती नोंद वेळेत जाणे आशाताई आणि नर्सबाईंच्या हाती. यंत्राच्या या शहाणपणाची दोरी अशी माणसाकडेच राहते, आणि ती तिथेच राहावी असे मला वाटते.

‘एममित्र’ने याच्याही पुढचे पाऊल टाकले. फोन ऐकणे हळूहळू सोडून देणाऱ्या बायका ही प्रत्येक लांब मालिकेची दुखरी बाजू. प्रत्येकीला माणसाने फोन करून विचारावे, इतके हात संस्थेपाशी नसतात. आयआयटी मद्रास आणि गूगलच्या संशोधकांनी ‘अरमान’सोबत अशी पद्धत बसवली, की या आठवड्यात कोणाला प्रत्यक्ष फोन केल्याने सर्वाधिक फरक पडेल, हे आधीच्या ऐकण्यावरून ठरावे. सुमारे 23 हजार बायकांबरोबर 7 आठवडे ती तपासली गेली, तेव्हा ऐकणे सुटण्याचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी आटोक्यात आले. गणिताने इथे एवढेच सांगितले, की माणसाने कोणाशी बोलावे. बोलायचे काम माणसाकडेच ठेवले, ही त्यातली नजाकत.

प्रेमाने पाहतानाही मोजमाप सोडू नये. मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत ‘किलकारी’ची शास्त्रशुद्ध चाचणी झाली; कुटुंबनियोजनाच्या तात्पुरत्या साधनांचा वापर थोडा वाढला, पण निव्वळ स्तनपानात फरक दिसला नाही. म्हणून या जिल्ह्यासाठी माझी एक मागणी आहे. इथे मारेगाव, झरी जामणीच्या पोडांवर कोलामी बोलली जाते, तांड्यांवर गोरमाटी, कुठे गोंडी. या घरांत स्तनपानासकट पहिल्या सात दिवसांचे निर्णय आजीच्या भाषेत होतात. सगळे 72 संदेश पुन्हा मुद्रित करणे जमले नाही, तरी बाळंतपणाच्या तोंडावरचे आणि लगेच नंतरचे मोजके संदेश तरी या तीन भाषांत, तिथल्याच बाईच्या आवाजात व्हावेत. तारीख, क्रम, पुन्हा लागणारा फोन, 14423, सगळे तयारच आहे.