मनातील प्रतिमा आणि ब्राँझमधील कृती : सदाशिव साठे यांच्या शिल्पाच्या संदर्भात

प्रस्तावना :
कलावंताच्या मनातील प्रतिमा व प्रत्यक्षात उतरलेली कलाकृती यांतील अंतर हा सौंदर्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. इटालियन तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अंतःप्रज्ञा व अभिव्यक्ती एकरूप मानल्या. त्यांच्या मते कलाकृती मनातच पूर्ण होते. दगड, रंग वा धातू यांतील तिचे बाह्यीकरण हा व्यावहारिक भाग होय. मराठीत रा. भा. पाटणकर यांनी या भूमिकेचे सविस्तर विवेचन केले आहे. शिल्पकलेला ती कितपत लागू पडते, हे कल्याणचे शिल्पकार सदाशिव साठे (१९२६–२०२१) यांच्या कामाच्या आधारे तपासता येते.

विवेचन :
साठे यांनी घडविलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६१ साली मुंबईत गेटवे ऑफ इंडियाजवळ उभा राहिला. अशा पुतळ्याचा मूळ आकार सांगाड्यावर माती चढवून घडतो. त्यावरून साचा, मेणाची प्रत, ओतकाम, सांधेजोड व सफाई असे टप्पे येतात. प्रत्येक टप्प्यावर हात बदलतात. थंड होताना धातू आकसतो. चौथऱ्यामुळे पाहणाऱ्याची नजर खालून वर जाते. म्हणून कार्यशाळेत योग्य वाटणारी प्रमाणे तेथे तशीच उपयोगी पडत नाहीत. घोडा व स्वार यांचा भार सडपातळ पायांवर पेलावा लागतो. मनातील गती मुक्त असते. धातूतील गतीला तोल सांभाळावा लागतो.

क्रोचे यांच्या मांडणीत हे सारे कलेबाहेरचे ठरते. परंतु पाहणाऱ्याला जाणवणारा डौल याच निर्णयांतून सिद्ध होतो. माध्यमाचा विरोध मूळ कल्पनेतून काही वजा करतो, तसेच तिला निश्चित रूपही देतो.

या अंतराकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे उदाहरण अलीकडचे आहे. मालवणजवळील राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा सुमारे ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांच्या आत, कोसळला. आपण मान्यता दिली होती ती सहा फुटी मातीच्या प्रतिकृतीला, असे त्यानंतर कला संचालनालयाकडून सांगण्यात आले. प्रतिकृती मंजूर झाली की कलेचा प्रश्न संपला व उरले ते केवळ बांधकाम, अशी समजूत या व्यवस्थेत गृहीत आहे. नकळत ती क्रोचे यांच्याच भूमिकेशी जुळते. सहा फुटांची आकृती मोठी केली की भार, वारा, खारी हवा व सांधे यांचे प्रश्न नव्याने उभे राहतात आणि त्यांची उत्तरे आकारातच शोधावी लागतात.

समारोप :
सार्वजनिक शिल्पांची मराठीतील चर्चा बहुधा चेहऱ्याच्या साम्यापाशी व कलावंताच्या हेतूपाशी थांबते. प्रतिमेपासून कृतीपर्यंतच्या प्रवासाचे परीक्षण हे समीक्षेचे अंग मानले, तरच स्मारकाचे मूल्यमापन त्याच्या अनावरणापूर्वी होऊ शकेल.