मापांचा धडा आणि नदीचें माप

लेखन, वाचन आणि गणित या तीन गोष्टी आल्या म्हणजे मूल शिकलें, असा आपला सर्वसाधारण समज आहे. आणि गणितांत पाढे व कोष्टकें पाठ झालीं कीं तें व्यवहारास लायक झालें, असा त्या समजाचा उत्तरार्ध आहे. या उत्तरार्धाची थोडी तपासणी करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. परिमाणांचा धडा आमच्या शालेय पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला आहे; परंतु आमचे टीकाकार त्याकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. वस्तुतः ज्या मजकुराचें पठण महाराष्ट्रांत घरोघर झालें, त्याचें परीक्षण एखाद्या कादंबरीच्या परीक्षणाइतकेंच अगत्याचें मानिलें पाहिजे.

जुन्या उजळणीचा उपहास करणें आज सोपें आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनांची औटकी, हा सारा निव्वळ घोकंपट्टीचा खटाटोप होता असें म्हटलें जातें. परंतु ज्या मापांसाठीं हे पाढे रचले गेले तीं मापेंहि पाहावयास हवींत. चिपट्याच्या दुप्पट मापटें, मापट्याच्या दुप्पट शेर, चार शेरांची पायली. म्हणजे सारीं मापें अर्ध्यापावाच्या हिशेबानें चढणारीं. पाढा आणि माप यांचा सांधा नीट जुळलेला होता, आणि तीं मापें घराच्या कोठारांत उभीं होतीं. तोंडानें जें म्हणावयाचें तें हातानें भरून पाहतां येत असे. या पद्धतीचा दोषहि लहान नव्हता. एका गांवची पायली दुसऱ्या गांवच्या पायलीशीं जुळेलच अशी खात्री नसे, आणि या विसंवादाचा लाभ दुबळ्या पक्षास क्वचितच मिळे.

हा दोष काढून टाकण्याचा पाया १९५६ च्या कायद्यानें घातला. १९५७ च्या एप्रिलांत दशमान नाणीं आलीं, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅमचीं वजनें रूढ होऊं लागलीं, आणि १९६२ मध्यें तीं सक्तीचीं झालीं. सुधारणा निःसंशय इष्ट होती. परंतु तिच्यामागून पुस्तकांत जो धडा आला तो किलोमीटर, हेक्टोमीटर, डेकामीटर अशी एक शिडी घेऊन आला, आणि त्या शिडीच्या मधल्या पायऱ्यांवर व्यवहारांत कोणी पाऊल ठेवीत नाहीं. मंडईंत अद्यापि पाव किलो भाजी आणि डेअरींत दीड लिटर दूध मागितलें जातें. कायदा दशांशांत बोलतो, जीभ पावांत बोलते. आणि या दोहोंमध्यें दुभाष्याचें काम करील असा धडा पुस्तकांत आढळत नाहीं.

याचा परिणाम जमिनीच्या व्यवहारांत दिसतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेलें, बोलणी मात्र गुंठ्यांची. आर म्हणजेच गुंठा, असें पुष्कळ सुशिक्षितहि धरून चालतात. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा आणि आर सुमारें १,०७६ चौरस फुटांचा. एका गुंठ्यामागें तफावत तेराच फुटांची. परंतु चाळीस गुंठ्यांच्या एकराबद्दल चाळीस आर घेऊन जो समाधान पावतो, त्याची सुमारें पांचशें चौरस फूट, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा, जागा हातची जाते.

तथापि पैशाची हानि कालांतरानें भरून येते. कोल्हापूरकरास दर पावसाळ्यांत ज्या आंकड्यांशीं गांठ घालावी लागते ते याहून गंभीर आहेत. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशीं फुटांत मोजतात; ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी होय. २०१९ च्या ऑगस्टांत ती ५५ फुटांपलीकडे गेली होती. राधानगरी धरणांतून सुटणारें पाणी क्युसेकमध्यें सांगतात, धरणांतील साठा टी.एम.सी.मध्यें, आणि खालीं कर्नाटकांतील अलमट्टी धरणाची पातळी मीटरमध्यें. कृष्णेच्या एकाच खोऱ्यांतलें पाणी, पण त्याचीं चार परिमाणें एकाच सकाळच्या वर्तमानपत्रांत दाटीवाटीनें बसलेलीं असतात.

कोष्टकें पाठ असलेला विद्यार्थी येथें काय करील? तो फुटांचे मीटर करील. ४३ फूट म्हणजे सुमारें १३ मीटर, आणि अलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर. रूपांतर बिनचूक, पण निष्पन्न कांहींच नाहीं. कारण पहिला आंकडा बंधाऱ्यावरील मोजपट्टीच्या शून्यापासून घेतलेला आहे, तर दुसरा समुद्रसपाटीपासून. कोणत्याहि मापास तीन प्रश्न विचारावे लागतात: एकक कोणतें, मोजणी कोठून, आणि किती वेळांत. आमचा धडा पहिल्या प्रश्नापाशींच थांबतो. उरलेले दोन प्रश्न नदी विचारते.

तिसऱ्या प्रश्नाचें उदाहरण राधानगरीचेंच घेऊं. तेथील एक स्वयंचलित दरवाजा उघडला म्हणजे १,४२८ क्युसेक पाणी सुटतें. म्हणजे दर सेकंदास सुमारें चाळीस हजार लिटर. हा आंकडा ऐकून छाती दडपून जाते. परंतु एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि एका दरवाजानें एवढें पाणी बाहेर पडण्यास आठ दिवस लागतात. सातहि दरवाजे उघडले तर तेंच काम सुमारें अठ्ठावीस तासांत होतें. पावसाची आणि इतर धरणांच्या पाण्याची त्यांत भर पडते हें खरें. तरी ‘एक दरवाजा उघडला’ आणि ‘सातहि उघडले’ या दोन बातम्यांत काय अंतर आहे, हें या साध्या भागाकारानें कळतें. हा भागाकार सातवीच्या मुलाच्या आवांक्याबाहेरचा खास नाहीं.

यावर कोणी म्हणेल, सर्वत्र मीटरच करून टाकावा. आम्हांस तें मान्य नाहीं. सुतारवाड्यासारख्या सखल वस्तींतील जुन्या कुटुंबांस किती फुटांवर आपल्या गल्लींत पाणी शिरतें हें पक्कें ठाऊक असतें. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांची आठवण त्या फुटांतच सांठविलेली आहे. जुन्या पायलीसारखें हें माप त्यांच्या घरांत उभें आहे. परंतु नदीकांठीं नुकतेंच बिऱ्हाड केलेल्यास ४३ हा आंकडा मुका आहे. त्रेचाळीस फूट पाणी म्हणजे रस्त्यावर त्रेचाळीस फूट असें समजून तो हबकतो, अथवा तसें तर कांहींच दिसत नाहीं म्हणून निर्धास्त बसतो. दोन्ही गोष्टी अनर्थकारक आहेत, आणि त्यांचें मूळ अज्ञानापेक्षां अर्धवट शिक्षणांत अधिक आहे.

म्हणून शाळांनीं फार कांहीं करावयास नको. पाऊस लागण्यापूर्वीं मुलांस बंधाऱ्यावरील मोजपट्टी दाखवावी. आपल्या उंबऱ्यास किती फुटांवर पाणी लागतें, हें घरच्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांस विचारून वहींत लिहून आणावयास सांगावें. आणि वर्तमानपत्रांतील क्युसेकचे लिटर व दिवसांच्या हिशेबानें टी.एम.सी. करावयास लावावें. एवढ्या खटपटींत हेक्टोमीटरचा पाठ मागें पडला, तर त्याबद्दल कोणाहि पालकानें हळहळण्याचें कारण नाहीं.