मला जपानी समजते

बेलापूरहून पुण्याला जाऊन जपानीत एम. ए. करता येतं; टिळक महाराष्ट्र विद्यापीठात तशी सोय आहे. आमची तक्रार आहे ती शिकवण्याच्या वाटेबद्दल.

‘मिन्ना नो निहोंगो’ हे पुस्तक आपल्याकडे बहुधा इंग्रजी टिपणांसह वापरतात. ‘निहोंगो गा वाकारिमासु’ म्हणजे ‘आय अंडरस्टँड जपानीज’. मग भाषेला कर्माचा ‘ओ’ न लागता ‘गा’ का? ते पाठ करा! अहो, आपण रोजच म्हणतो, ‘मला जपानी समजते’. समजणारा चतुर्थीत, भाषा प्रथमेत. मराठी शाळेतून आलेल्या मुलीकडे हे घरचंच असतं. मध्ये इंग्रजी आणून आपण ते झाकतो.

अर्थात मराठी फसवतेही. परक्यासमोर आपण ‘बाबा आलेत’ असं आदरानं म्हणतो. जपानीत बाहेरच्यांशी बोलताना स्वतःच्या वडिलांना आदरार्थी क्रियापद लावत नाहीत.

मराठी कुठे तारते, कुठे पाडते, हे दाखवणं हेच उपयोजित भाषाविज्ञानाचं काम. प्रशांत परदेशींसारख्या अभ्यासकांनी जपानमध्ये राहून मराठी-जपानी तुलना केली आहे. ती शोधनिबंधांतून आपल्या वर्गात यायला हवी. एम. ए.च्या प्रबंधांनी हेच काम हाती घ्यावं.