विकत घेतलेलं पुस्तक वाचतं कोण?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला बसलेल्या नव्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो : पैसे नक्की कशाचे द्यायचे? या खेळाला पट लागत नाही, सोंगट्याही लागत नाहीत. एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि अडलं की फासे टाकतात. म्हणजे विकण्यासारखं उरतं ते पुस्तक. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा बाजारात आला, तेव्हाही खोक्यातला मुख्य ऐवज तीन पातळ पुस्तिकांचाच होता.

आता तेच पुस्तक फोनवर मिळतं. 'डी अँड डी बियाँड' ही सेवा २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये खेळाच्या मालकांनी, म्हणजे हॅस्ब्रोने, ती १४ कोटी ६३ लाख डॉलर्सना घ्यायचं ठरवलं. मुख्य नियमपुस्तकाची डिजिटल प्रत तीस डॉलर्सची, आपल्याकडे अडीच हजारांच्या घरात. त्या पैशात दोन गोष्टी येतात. एक, पुस्तकाची पानं स्क्रीनवर वाचता येतात. दोन, कॅरेक्टर बिल्डरच्या याद्यांमध्ये त्या पुस्तकातले पर्याय उघडतात. माझ्या ओळखीत ज्यांनी कुणी पैसे भरले, त्यांनी ते दुसऱ्या गोष्टीसाठी भरले. पहिलीकडे क्वचितच कुणी फिरकतं.

याचं वाईट का वाटावं, हे कळायला २०१४ च्या 'प्लेअर्स हँडबुक'चं पहिलंच प्रकरण वाचायला हवं. पात्र कसं बनवायचं, हे तिथे पायरीपायरीने सांगितलंय आणि प्रत्येक पायरीनंतर बॉब नावाचा एक काल्पनिक खेळाडू येतो. बॉबला ब्रूनर नावाचा ड्वार्फ योद्धा बनवायचाय. १५, १४, १३, १२, १०, ८ हे सहा आकडे त्याला सहा गुणांमध्ये वाटायचेत. योद्धा आहे म्हणून १५ ताकदीला, १४ काटकपणाला. इथपर्यंत सरळ हिशोब आहे. पण मग बॉबला वाटतं की आपला ब्रूनर जरा वयस्कर असावा, चार पावसाळे जास्त पाहिलेला, लोकांनी ज्याचं ऐकावं असा. म्हणून तो शहाणपण आणि प्रभाव यांना बरे आकडे देतो. बुद्धीच्या वाट्याला उरतो तो ८.

मला हा परिच्छेद फार आवडतो. माणूस आधी दिसतो आणि आकडा त्याच्या मागून येतो, हे बॉब व्याख्यान न देता दाखवतो. पुस्तकी बुद्धी बेताची, पण चार माणसं धरून ठेवणारा म्हातारा : असा एखादा काका प्रत्येकाच्या गावी असतो. नियमपुस्तक हा वाङ्मयप्रकार आहे असं मी म्हणतो, ते अशा जागांमुळे.

बिल्डरमध्ये बॉब नाही. तिथे वंश निवडा, क्लास निवडा, आकडे टाका. बेरजा आपोआप होतात आणि पात्र दहा मिनिटांत तयार. मी दिवसभर अशीच सॉफ्टवेअरं लिहितो, त्यामुळे त्यामागचं काम मला दिसतं आणि त्याचं कौतुकही आहे. दोन जादूगार क्लास एकत्र केले की मंत्रांच्या जागांचा हिशोब कागदावर ठेवणं ही शिक्षा आहे. ती यंत्राने भोगावी हेच बरं. पण त्याची किंमत टेबलावर दिसते. धनुष्य चालवताना "माझे +५ कुठून आले?" असं बिल्डरवर तयार झालेला खेळाडू तिसऱ्या खेपेलाही विचारतो. कागदावर ज्याने चपळाईचे ३ आणि सरावाचे २ स्वतः मिळवलेत, त्याला ते विचारावं लागत नाही. मुख्य म्हणजे, चपळाई कमी झाली की काय होईल हेही त्याला ठाऊक असतं. एकाने नियम वाचलाय. दुसऱ्याच्या वतीने तो सर्व्हरने वाचलाय.

आणि सर्व्हरने वाचायचं म्हटलं, की काय वाचायचं हेही सर्व्हरचा मालक ठरवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये हे अगदी उघड झालं. नवं 'प्लेअर्स हँडबुक' सप्टेंबरात येणार होतं. त्याआधी कंपनीने जाहीर केलं की बियाँडवरच्या सगळ्या पात्रांचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या आवृत्तीप्रमाणे बदलले जातील. उदाहरणार्थ, जखमा भरणारा 'क्युअर वून्ड्स' हा मंत्र पहिल्या पातळीवर जुन्या नियमाने एक आठ-पैलू फासा टाकतो, नव्या नियमाने दोन. ज्यांना जुनंच हवंय त्यांनी होमब्रूची सोय वापरून ते मंत्र स्वतः पुन्हा भरून घ्यावेत, असा सल्लाही होता. म्हणजे ज्याचे पैसे मोजलेत, ते हाताने टाइप करायचं. लोक भडकले आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला.

यातला तपशील नीट पाहण्यासारखा आहे. जुनं पुस्तक कुणी काढून घेणार नव्हतं. तुमच्या खात्यात ते तसंच राहणार होतं, हवं तेव्हा उघडून वाचता येणार होतं. फक्त तुमच्या पात्राच्या पानावर त्यातले मंत्र दिसणार नव्हते. पुस्तक शाबूत आहे, हे खरंच होतं. तरी लोकांना लुबाडल्यासारखं वाटलं, कारण त्यांनी पैसे दिले होते ते यादीतल्या ओळींचे.

सुरुवातीच्या काळात बियाँड याबाबतीत जास्त सरळ होतं. एखादा सबक्लास हवा असेल तर तेवढाच दोनेक डॉलर्सना मिळायचा, आणि पुढे पूर्ण पुस्तक घेतलं तर ते पैसे वळते व्हायचे. सुटे पर्याय विकतोय, असं दुकानदार स्वतःच कबूल करत होता. २०२४ मध्ये ही सुटी विक्री बंद झाली. एका ओळीसाठी अख्खं पुस्तक घ्या, असा मामला झाला.

हे आधीही घडलंय. २००८ च्या चौथ्या आवृत्तीचा बिल्डर वर्गणीदारांना संगणकावर उतरवून घेता यायचा. २०१० च्या शेवटी तो फक्त ब्राउझरमध्ये चालणारा झाला, तोही मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटवर. २०२० उजाडता उजाडता तो बंद पडला. त्या आवृत्तीचं कागदी पुस्तक मात्र ज्याच्या कपाटात असेल, त्याला आजही पात्र बनवता येतं.

मला सगळ्यात जास्त खटकते ती वाटून घेण्याची गोष्ट. टेबलावर एकच पुस्तक असतं आणि ते हातोहात फिरतं. पाचजणांच्या ग्रुपला तेवढं पुरतं. आपल्याकडे आयात केलेल्या पुस्तकाची किंमत पाहता पुरवावंच लागतं. (टेलिग्रामवर फिरणाऱ्या स्कॅनांबद्दल मी इथे काही बोलत नाही.) बियाँडवरही पुस्तक ग्रुपला देता येतं, पण त्यासाठी कुणीतरी एकाने वरच्या दर्जाची वर्गणी भरत राहायची. पुस्तकाचे पैसे वेगळे, ते शेजाऱ्याकडे सरकवण्याचे वेगळे, आणि तेही दर महिन्याला.

दुसरी पद्धत अशक्य नाही. 'पाथफाइंडर'चे नियम 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' या संकेतस्थळावर प्रकाशकाच्या संमतीने फुकट वाचता येतात. त्यावरून कुणीही बिल्डर बनवतो, लोक वापरतात. तरीही प्रकाशक पायझो पुस्तकं विकते, आणि पीडीएफ घेतलं तर पानावर तुमचं नाव छापलेली फाइल खरोखर तुमच्या हातात येते. डी अँड डीच्या १९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'चं पीडीएफ आज रीतसर विकत मिळतं. २०१४ च्या पुस्तकाचं मिळत नाही. जुनं झालेलं पुस्तक तेवढं पुस्तक म्हणून विकायला त्यांची हरकत नाही.

तर नव्याने सुरुवात करणाऱ्याने काय घ्यावं? आधी काहीच घेऊ नये. २०२३ च्या जानेवारीत, परवाना बदलण्याच्या प्रयत्नावरून रान पेटल्यावर, कंपनीने पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये सोडले. ते आता परत घेता येत नाहीत. त्यात बाराही क्लास आहेत. प्रत्येकाचा एकच सबक्लास आहे, पण पहिल्या पात्राला तेवढा भरपूर होतो. बॉब मात्र त्यात नाही. त्याच्यासाठी ग्रुपने वर्गणी काढून २०१४ ची एक कागदी प्रत घ्यावी, जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली तर उत्तमच. बिल्डरचे पैसे भरायचेच असतील तर चार-पाच सत्रं झाल्यावर, मंत्रांचा हिशोब डोक्यावरून जायला लागल्यावर भरावेत. तोवर एक कोरा कागद, पेन्सिल आणि खोडरबर. खोडरबर चांगलं घ्या, कारण पात्राचे उरलेले प्राण दर लढाईत बदलतात आणि त्या चौकोनात कागदाला पहिलं भोक पडतं.