चौदा दिवसांचा हिशेब आणि सहा महिन्यांची उचल

आजचा विषय दारू सोडवण्याचा नाही. दारू सोडवण्यावर जे संशोधन होतं त्याचा आहे. हा फरक सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण प्रश्नोत्तरांत कोणीतरी हमखास विचारतं, "सर, मग उपाय काय?" उपायाकडे येऊच. पण उपाय ठरवणारी माणसं ज्या कागदांवर विसंबतात ते आधी नीट वाचायला हवेत. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे, म्हणजे नाडी बघता न येणारे. मोजलं ते नेमकं काय, आणि तेवढ्यावरून काय म्हणता येतं, इतकंच आम्ही बघतो.

टीका करायची तर चांगल्या कामावर करावी. वाईटावर करण्यात काही पुरुषार्थ नाही. म्हणून गोव्याचं उदाहरण घेतो. तिथल्या 'संगाथ' संस्थेतले डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. ती २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. हानिकारक प्रमाणात पिणारे, १८ ते ६५ वयाचे ३७७ पुरुष त्यात होते. निम्म्यांना केंद्रातल्या डॉक्टरांचे नेहमीचे उपचार मिळाले, तेही थोडे सुधारून. उरलेल्या निम्म्यांना त्याशिवाय समुपदेशन मिळालं. ते करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. मानसोपचाराचं व्यावसायिक शिक्षण नसलेली साधी माणसं होती, त्यांना या कामापुरतं शिकवलं होतं. जास्तीत जास्त चार बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी पाहिलं तर बैठका मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं, दुसऱ्या गटात २६ टक्के. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले इकडे ४२ टक्के, तिकडे १८. वर्षानंतरही फरक टिकला.

हे मोठं काम आहे, यात वाद नको. केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो. अशा देशात साधा प्रशिक्षित माणूस चार बैठकांत फरक पाडू शकतो हे दाखवणं म्हणजे दार उघडणं आहे. आता प्रश्न एवढाच की त्या दारातून आत कोण येतं.

गोव्यातून निघून आपण खालापूरला येऊ. द्रुतगती महामार्गावरच्या टोलनाक्यामुळे हे नाव सगळ्यांना माहीत आहे. नाका ओलांडून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याला कातकरी वाड्या लागतात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. या वाड्यांचं वर्ष आपल्या दिनदर्शिकेसारखं जात नाही. पावसाळ्यात भाताची लावणी, मग शेवटी-शेवटी घरातलं धान्य आटतं. नेमक्या त्याच सुमाराला वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मुकादम येतो आणि उचल देतो. दिवाळी झाली की कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर. तिथे आठवड्याला खर्ची मिळते, बाजाराच्या दिवशी, आणि ती वहीत मांडली जाते. हिशेब होतो तो पावसाच्या तोंडावर, भट्टी बंद होताना. फिटलं तर फिटलं, नाहीतर राहिलेलं पुढच्या सालावर.

आता गोव्याची मोजपट्टी इथे लावून बघा. माणूस भाद्रपदात आरोग्य केंद्रात आला, बैठका झाल्या, तीन महिन्यांनी त्याला पुन्हा गाठायचं. तीन महिन्यांनी तो कुठे आहे? पनवेलच्या पलीकडे, कल्याणकडे, नाहीतर घाटावर. गोव्यात ८९ टक्के माणसं तीन महिन्यांनी भेटली, हे त्या संशोधकांच्या चिकाटीचं फळ. पण गोव्यातल्या त्या माणसांना निदान एक पत्ता होता.

समजा, भट्टीवर जाऊनही गाठलं. प्रश्न असतो मागच्या चौदा दिवसांचा. चौदा दिवसांत बाजाराचे दिवस दोन. खर्ची हातात पडली त्या दिवशी दणकून प्यायला आणि उरलेले बारा दिवस विटा पाडल्या, तर सरासरी काढल्यावर हा गृहस्थ बराच बरा दिसतो. हेच चौदा दिवस आषाढात धरले तर चित्र निराळं. म्हणजे आपण माणसाचं पिणं मोजतोय की त्याच्या हातात पैसे कोणत्या वारी येतात ते मोजतोय?

ज्या प्रश्नावलीवरून 'हानिकारक' ठरवलं जातं ती दहा प्रश्नांची, जागतिक आरोग्य संघटनेची. ती घडवताना ज्या सहा देशांत तपासली गेली त्यांत भारत नव्हता. एवढ्यावरून ती टाकाऊ ठरत नाही, गोव्यात ती उपयोगी पडलीच. पण तिचं माप ठरलेल्या ताकदीच्या पेल्याचं आहे. हातभट्टीची दारू प्लास्टिकच्या फुग्यात मिळते. काळा गूळ आणि नवसागर किती पडला, पाणी किती घातलं, हे विकणाऱ्यालाच ठाऊक. 'किती पेले?' या प्रश्नाला तिथे प्रामाणिक उत्तर नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. त्या शोधनिबंधात स्वच्छ लिहिलंय की जोडीदारावर होणाऱ्या हिंसेत दोन गटांमध्ये फरक दिसला नाही, कामाचे बुडालेले दिवसही तसेच. लपवलं नाही, हा त्यांचा सच्चेपणा. पण आम्ही विचारतो, मग 'बरा झाला' हे कोणाच्या दृष्टीने? चाचणीत सगळे पुरुष. बायको येते ती हिंसेच्या रकान्यात. भट्टीमालकाची वही बघा, तिथे नवरा-बायको मिळून 'जोडी' धरतात. उचल जोडीला, विटा जोडीच्या. त्याने खर्ची दारूत घातली की कर्ज तिच्याही डोक्यावर चढतं, न पिता. कोणाची दारू कोणाला फेडावी लागते, हे मालकाच्या वहीला संशोधनापेक्षा जास्त कळतं. कडू आहे, पण तसं आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही: तुम्ही सगळं उचलीवर ढकलून माणसाची जबाबदारी काढून घेताय. ॲरिस्टॉटलने 'निकोमाकीय नीतिशास्त्रा'त दारूच्या नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षेचा उल्लेख केला आहे. कारण काय, तर न पिणं त्या माणसाच्या हातात होतं. आम्हालाही जबाबदारी सोडायची नाही. पण ॲरिस्टॉटलसमोर होता स्वतःचा दिवस स्वतःच्या मालकीचा असलेला नागरिक. पावसाळ्यातच आपले पुढचे सहा-सात महिने विकून बसलेल्या माणसाच्या हातात नेमकं किती आहे, हे आधी मोजावं लागेल. न मोजता त्याला दुर्बळ म्हणणं सोपं आहे. निवासी व्यसनमुक्तीचंही तेच. पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ पासून मोलाचं काम करतंय, पण पस्तीस दिवस काम सोडून राहायचं तर मुकादमाला काय सांगायचं?

मग म्हणाल, व्यक्ती सोडा, गाव धरा. गडचिरोलीत तसंच झालं. लोकांच्या चळवळीतून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आली, २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'चा पुढाकार असलेलं 'मुक्तिपथ' गावागावांत काम करतंय. दारू ही एका माणसाची नव्हे, गावाची गोष्ट आहे, हा विचार आम्हाला मनापासून पटतो. पण खालापुरात 'गाव' कोणतं? गडचिरोलीचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मादक पदार्थांवर अधिकार मिळतात. रायगड जिल्हा त्या यादीतच नाही. कातकरी असूनही इथल्या वाडीला तो अधिकार नाही. त्यात अनेक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या; ग्रामसभा मोठ्या गावाची, वाडीचा आवाज त्यात लोणच्याएवढा. बायकांच्या मतदानाने बाटली आडवी करता येते, पण ती परवान्याच्या दुकानाची. हातभट्टीला परवानाच नाही, मग आडवं काय करणार?

आणि 'असुरक्षित समूह' हा शब्द. जणू हे लोक जन्मतःच तसे! १८७८ च्या अबकारी कायद्याने इंग्रज सरकारने दारू गाळणं आपल्या मुठीत घेतलं, आणि १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच कायदा केला. आपल्या रानातलं फूल वेचून साठवणं गुन्हा, ठेकेदाराकडची दारू विकत घेणं मात्र कायदेशीर. शोधनिबंधांत एक लाडका शब्दप्रयोग असतो, 'पोहोचायला अवघड' लोक. मुकादम पोहोचतो की, दर वर्षी, वेळेवर. फुगेवालाही पोहोचतो.

आता उपाय. आम्ही एवढंच मागतो की गोव्याची ती चार बैठकांची पद्धत इथे आणा, पण तिची परीक्षा इथल्या वर्षाप्रमाणे घ्या. बैठका उचल घेण्याच्या आधी, म्हणजे आषाढ-श्रावणात. त्याही वाडीवर, केंद्रात नव्हे. मधली भेट भट्टीवर, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. शेवटची मोजणी भट्टी उठल्यावर. त्या मोजणीत पेल्यांबरोबर दोन आकडे हवेत: जोडीवर किती बाकी निघाली, आणि त्यातली दारूपायी किती. दुसरा आकडा बायकोला एकटीला विचारायचा. प्रश्न वाडीतल्या माणसांबरोबर बसून ठरवायचे. हे अशक्य नाही. कर्जतजवळच्या कशेळे येथील ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सचे राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांनी कातकऱ्यांच्या घराखालच्या जमिनीच्या प्रश्नावर असंच काम केलं. लोकांना सोबत घेऊन माहिती गोळा केली, आणि त्यावरचं पुस्तक २०१३ साली आलं. जमिनीच्या बाबतीत जे जमलं ते दारूच्या बाबतीत का जमू नये, हे आम्हाला कोणीतरी समजावून सांगावं.

अशा चाचणीला खर्च जास्त येईल, माणसं सुटतील, आकडे गोव्याइतके देखणे येणार नाहीत, आणि मोठ्या नियतकालिकात ती छापली जाईलच असं नाही. निधी देणाऱ्यांनी हे आधीच मान्य करून पैसे द्यावेत. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून एक हात मघापासून वर आहे.