सात आडव्या रेघा

वैद्यकातील पुराव्याविषयी लिहिणारे लोक एका बोधचिन्हाची गोष्ट हमखास सांगतात. १९९३ साली स्थापन झालेल्या ‘कॉक्रेन कोलॅबोरेशन’चे ते चिन्ह : सात आडव्या रेघा, एक उभी रेघ आणि खाली शंकरपाळ्याच्या आकाराचा ठिपका. अपुऱ्या दिवसांत बाळंत होऊ घातलेल्या बाईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, तर बाळ वाचते का, हा प्रश्न. एकेक आडवी रेघ म्हणजे एकेक चाचणी. उभ्या रेघेच्या डावीकडे गुण, उजवीकडे अपाय. सुट्या पाहिल्या तर बहुतेक रेघा उभ्या रेघेला छेदतात, म्हणजे ठाम काहीच सांगत नाहीत. साऱ्यांची बेरीज असलेले शंकरपाळे मात्र स्वच्छ डावीकडे पडते. लिगिन्स आणि हॉवी यांची ऑकलंडमधली पहिली चाचणी प्रसिद्ध झाली १९७२ साली. एकत्रित आढावा छापून यायला १९८९ उजाडले. मधल्या वर्षांत किती अर्भके हकनाक गेली असतील!

गोष्ट खरी आहे, पण ती इथेच थांबवतात, हा माझा आक्षेप आहे.

२०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये सहा देशांतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात आपले नागपूर आणि बेळगाव होते. हेच औषध इथे गावपातळीपर्यंत नेले होते. सोनोग्राफी सर्वत्र नाही, म्हणून कुठे पाळीच्या तारखेवरून, कुठे पोटाला टेप लावून दिवस मोजले. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेकींची बाळे प्रत्यक्षात फारशी लहान नव्हतीच. ज्या लहानग्यांसाठी हा खटाटोप, त्यांचे मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. आणि सगळी बाळे धरली तर हजारी २३.९ ऐवजी २७.४ दगावली. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली.

मग त्या सात रेघा खोट्या का? मुळीच नाही. त्या रुग्णालयांतल्या होत्या, एवढेच. आर्ची कॉक्रेन यांचे ‘इफेक्टिव्हनेस अँड एफिशियन्सी’ हे पुस्तकही १९७२चेच, आणि त्यात हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला घरी ठेवावे की रुग्णालयात, हा प्रश्न त्यांनी आवर्जून घेतला आहे. उपचार ‘कुठे’ द्यायचा, हेही तपासूनच ठरवा, असा त्यांचा आग्रह. (प्रसूतिशास्त्राला चाचण्यांच्या बाबतीत शेवटच्या नंबराचा ‘लाकडी चमचा’ देणारे हे गृहस्थ तिरकस होते, पण आळशी नव्हते.) अनुयायांनी शीर्षकातला पहिला शब्द उचलला आणि दुसरा पुस्तकात ठेवून दिला, असे मला वाटते.

२०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत हाच प्रश्न पुन्हा विचारला. या खेपेला फक्त रुग्णालये, सोनोग्राफीने नक्की केलेले दिवस आणि बाळांची काळजी घेण्याची सोय. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. चाचणी मुदतीआधीच थांबवली, कारण फायदा स्पष्ट दिसत होता.

औषध तेच होते : डेक्सामेथासोन.