एका वैद्यकीय निबंधाचें वाचन

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत वैद्यकीय निबंधाचें परीक्षण कशासाठीं, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या निबंधाविषयीं आम्ही लिहीत आहों त्याची थोरवी त्यांतील सिद्धान्तापेक्षां त्यांतील गद्यांत अधिक आहे. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयांतले बालमानसतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं 'नर्व्हस चाइल्ड' नांवाच्या नियतकालिकांत अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांत आठ मुलगे होते व तीन मुली. ज्या 'ऑटिझम'च्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, नुसत्या उच्चारानें आज आईबापांच्या काळजांत धस्स होतें, ती बालपणींची एक स्वतंत्र अवस्था म्हणून वैद्यकांत रूढ झाली ती मुख्यतः ह्या लेखानें. (१९२५ सालीं ग्रून्या सुखारेवा ह्या सोव्हिएत विदुषीनें अशाच मुलांचें वर्णन केलें होतें, परंतु तें फार काळ उपेक्षित राहिलें. वैद्यकाच्या इतिहासांतहि कीर्ति न्यायानेंच वांटली जाते असें नाहीं.)

कॅनर यांस तरुणपणीं कवि व्हावयाचें होतें. तें साधलें नाहीं. पण शब्द जपून वापरण्याची संवय त्यांच्या हातीं राहिली असावी. ह्या निबंधांत रोगलक्षणांची जंत्री प्रथम येत नाहीं, मुलें प्रथम येतात. पहिला डोनल्ड. १९३८ सालीं पांच वर्षांच्या ह्या मुलाला मिसिसिपीहून बाल्टिमोरला आणलें, त्याआधीं त्याच्या वडिलांनीं टंकलिखित तेहतीस पृष्ठांचें पत्र धाडलें होतें. दोन वर्षांचा होण्याच्या सुमारास बायबलांतील तेविसावें स्तोत्र मुखोद्गत म्हणणारा हा मुलगा, आई जवळ आली काय नि गेली काय, ढुंकूनहि पाहत नसे. 'हो म्हणशील तर खांद्यावर घेईन,' असें वडिलांनीं एकदां शिकविलें. तेव्हांपासून त्याच्या कोशांत 'हो' ह्या शब्दाचा अर्थ 'मला खांद्यावर घ्या' एवढाच झाला. शब्दाचा अर्थ प्रसंगाला असा जखडून राहतो हें दाखविण्यासाठीं भाषाशास्त्राचा एखादा ग्रंथ पन्नास पानें खर्च करील. येथें तें दोन ओळींत येतें, आणि वाचकाला त्या घराच्या ओसरीवर उभें करतें.

ह्याच डोनल्डला दहांतून चार वजा करावयास सांगितलें, तेव्हां तो म्हणाला कीं, आपण षट्कोन काढूं.

आम्हीं हें उत्तर वर्गांत विद्यार्थ्यांस सांगतों तेव्हां प्रथम हशा पिकतो. मग कोणी तरी मनांतल्या मनांत बाजू मोजतो व हशा थांबतो. सहा हें उत्तर मुलाजवळ होतें. फक्त तें विचारणाऱ्याच्या चौकटींत बसणारें नव्हतें. नुसत्या गुणांच्या तक्त्यावर ह्या उत्तराला शून्य पडलें असतें. कॅनर यांनीं तें नोंदविलें म्हणून तें शिल्लक राहिलें. बिने-पद्धतीच्या कसोट्या बहुतेक ह्या मुलांवर चालविणें शक्य झालें नाहीं, पण निरनिराळ्या आकारांचे ठोकळे खांचांत बसविण्याच्या सेगँ यांच्या फळीवर सर्वांनींच चांगलें काम केलें, असें ते स्पष्ट सांगतात. ज्यांना लोक जडबुद्धि समजून बसले होते त्यांची समजशक्ति शाबूत आहे, हा त्यांचा निष्कर्ष त्या काळीं धाडसाचाच होता.

तथापि आजकाल कसोट्या म्हटल्या कीं नाक मुरडण्याची जी एक सुशिक्षित चाल पडली आहे, तिच्यांत सामील होण्यास आम्ही तयार नाहीं. आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमाँ यांनीं १९०५ सालीं पॅरिसमध्यें तीस कसोट्यांची पहिली श्रेणी रचली ती, शाळेंत कोणत्या मुलांना निराळी मदत लागेल हें ओळखण्यासाठीं. कोणाच्या कपाळीं कायमचा शिक्का मारण्यासाठीं नव्हे. बुद्धि हें न बदलणारें माप आहे असें मानणाऱ्यांचा बिने यांनीं स्वतःच निषेध केला होता. एक भागिले एक करून शंभरानें गुणण्याची रीत पुढें रुळली, ती १९१२ मधील स्टर्न व १९१६ मधील टर्मन यांच्यामुळें. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं ह्या कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठीं नव्यानें बसविल्या व १९४० सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. परक्या मुलांच्या जगांतून काढलेले प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे घालणें हा अन्याय आहे, हें ज्यांना उमगलें त्यांचें ऋण मराठी वाचकानें तरी विसरूं नये.

आणि कॅनर यांच्या निबंधाचा खरा दोष येथेंच ध्यानांत येतो. ती तेहतीस पृष्ठें लिहिणारा बाप कायद्याचा पदवीधर होता. तो मजकूर सांगे व कारकून टंकीत असे. अकराहि मुलांचे आईबाप बहुतेक सुशिक्षित, प्रतिष्ठित. त्यावरून हा विकार बुद्धिमान घरांतच आढळतो असा समज पसरला. वास्तविक आढळलें तें इतकेंच कीं, बाल्टिमोरपर्यंत पोहोंचण्याची व सविस्तर लिहिण्याची ऐपत कोणाजवळ होती. गिरणीकामगाराच्या मुलाबद्दल तेहतीस पृष्ठें कोण लिहिणार? लंडनच्या कॅम्बरवेल भागांत लॉर्ना विंग व जूडिथ गूल्ड यांनीं सबंध वस्तींतील मुलें पाहिलीं आणि १९७९ सालीं आपले निष्कर्ष मांडले, तेव्हां ह्या अवस्थेचें क्षेत्र कितीतरी विस्तृत दिसूं लागलें. आमच्याकडे सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेंत २००९ सालीं सिद्ध झालेल्या भारतीय मापिकेंत चाळीस बाबी आहेत. प्रत्येकीला एक ते पांच गुण, आणि बेरीज सत्तर वा अधिक झाल्यास स्वमग्नता मानावयाची. वाङ्मय म्हणून हा कागद रुक्षच. पण तेच चाळीस प्रश्न तो मळ्यांतल्या मजुराच्या मुलाविषयींहि विचारतो व वकिलाच्या मुलाविषयींहि, आणि १९१६ नव्हे तर २०१६ च्या कायद्यानें दिव्यांगांस दिलेले हक्क पदरांत पडावयाचे तर अशाच कागदाचा दाखला लागतो. वर्णनाला वर्णन करणारा लागतो. बेरजेला त्यामानानें थोडक्यांत भागतें.

कॅनर यांच्या लेखणीनें दुसरा अपराध केला तो जास्त गंभीर. ही अवस्था जन्मजात आहे असें निबंधाच्या शेवटीं सांगणारा हा लेखक, त्याच ठिकाणीं आईबापांच्या अंतःकरणांत ऊब कमी असल्याची टीपहि जोडून देतो. पहिलें वाक्य लोक विसरले, दुसरें त्यांनीं उचललें. १९६७ सालीं ब्रूनो बेटेलहाइम यांच्या ग्रंथानें तर मातांना आरोपीच्या पिंजऱ्यांतच उभें केलें. त्याआधीं तीन वर्षें बर्नार्ड रिमलंड ह्या एका पित्यानेंच त्या मताचें खंडन केलें होतें, आणि १९६९ सालीं कॅनर यांनीं पालकांच्या सभेंत त्यांना दोषमुक्त केलें. दोन दशकें आया झुरत राहिल्या त्या एका शैलीदार शेऱ्यापायीं. आमच्या समाजांत अजूनहि मूल उशिरा बोलूं लागलें कीं 'आईनें लक्ष दिलें नाहीं' असें म्हणणारी एखादी वडीलधारी बाई घरांत निघतेच. तिनें बेटेलहाइम वाचलेला नसतो.

ह्या निबंधाचा उत्तरार्ध २८ वर्षांनीं लिहिला गेला. १९७१ सालीं कॅनर यांनीं त्याच अकरा मुलांचें पुढें काय झालें तें छापलें, आणि आमच्या मतें तो लेख पहिल्याहून सरस आहे. सरकारी इस्पितळांत टाकलेल्या मुलांबद्दल त्यांनीं, ती जणू जन्मठेपच होती, असा कठोर अभिप्राय दिला आहे. डोनल्ड मात्र एका शेतकरी जोडप्याच्या घरीं राहिला होता, आणि १९४५ सालीं कॅनर स्वतः तेथें जाऊन आले होते. मुलाला मापें घेण्याचें वेड. म्हणून त्या जोडप्यानें त्याला विहीर खणावयास लावून खोली सांगावयास सांगितलें. मेलेले पक्षी व किडे तो गोळा करी. त्यांच्या दफनासाठीं त्याला जागा दिली. मक्याच्या ओळी तो पुन्हां पुन्हां मोजी; तेव्हां मोजतां मोजतां नांगरावयास सांगितलें. कॅनर यांच्यासमोर त्यानें सहा लांब ओळी नांगरल्या, आणि ओळीच्या टोंकाला घोडा कसा वळविला हेंहि त्यांनीं नमूद करून ठेवलें आहे.